पोपटीला आलेली माणसं

आपटा स्टेशनाच्या पलीकडे, पाताळगंगेच्या काठी मैनाताईंचं गाव आहे. उमेदीची वर्षं पनवेलच्या बाजारात मासळी विकण्यात गेली, आता त्या गावच्या सरपंच. शेजारच्या ग्रामपंचायतीत कारखाने आहेत, तिला कर भरपूर मिळतो. मैनाताईंकडे घरपट्टी सोडली तर काही नाही. ही तफावत थोडीफार भरून काढायला सरकारचं अनुदान येतं, पण ते मुख्यतः डोकी बघून. आणि डोकी कामधंद्यापायी कळंबोलीला, नवीन पनवेलला गेलेली. वरच्या आळीपर्यंत नळ न्यायचा, तर अनुदान वाढायला हवं होतं. तिथल्या बायका अजून चढावरून हंडे नेत होत्या.

जनगणनेचे दिवस नेमके वालाच्या शेंगांच्या हंगामात आले. मैनाताईंनी गाव सोडून गेलेल्या सगळ्यांना पोपटीचं आवतण धाडलं. भांबुर्ड्याचा पाला घालून मडकी शेंगांनी भरली, ती भाजायला शेतात जाळ केला. माणसं रिक्षा भरभरून आली. लेक सईसुद्धा नवऱ्याला आणि मुलाला घेऊन आली.

गणनेसाठी आलेल्या रेवा मॅडमना मैनाताईंनी थेट शेतातच नेलं.

"घ्या मोजून. सगळी आमचीच हायत."

रेवा मॅडम हसल्या. "ताई, जेवायला आलेली माणसं कशी लिहू? राहतात कुठे, ते विचारावं लागतं."

"मंग इचारा. ही माझी सई. माझ्याच घरी असते."

सई शेंगा सोलायची थांबली. "आई, आमची नावं परवाच लिहून नेली. नवीन पनवेलला."

"आनि तू दिलीस?"

"दारात येऊन विचारलं. पोराची शाळा तिथं, घर तिथं. खोटं काय सांगू?"

"तुज्या सेक्टरात नळ हाय. इथं कुमुदकाकी हंड्यासकट पडली, ते नाय आठवलं?"

वरच्या आळीतल्या कुमुदकाकी शेजारीच बसल्या होत्या. "मी पडले ती एकदाच गो," त्या म्हणाल्या, "मला दोनदा नको मोजूस."

सगळे हसले. मैनाताई हसल्या नाहीत. मग एकेक जण पुढे होऊन कळंबोली, नवीन पनवेल, कळंबोली असं सांगत गेला. रेवा मॅडम मान डोलवत होत्या, लिहीत काहीच नव्हत्या.

"ताई, तुमच्या घरी किती जण?"

मैनाताईंनी सईकडे पाहिलं. सईनं मान खाली घातली नाही.

"मी आनि हिचा बाप. दोघंच."

कुमुदकाकींनी पदर खोचला. "चला, उजेड हाय तोवर दोन खेपा होतील," म्हणत त्या हंडा घेऊन नदीकडे उतरल्या.