डाव्या सीटवरचं वजन

गाडीचं काम झालं की ट्रायल, आणि ट्रायलला डाव्या सीटवर वजन हवंच, असा आनंदराव मेश्रामांच्या इंदोऱ्यातल्या गॅरेजचा नेम होता. इतर मिस्त्री त्यासाठी रेतीचं पोतं ठेवत. आनंदराव बायकोला बसवत. कौसल्याबाई दुपारी जेवण घेऊन आल्या की वरणाचा डबा एका हातानं मांडीवर धरून तशाच गाडीत बसायच्या, आणि दोघं सेमिनरी हिल्सच्या वळणांवर चक्कर मारून यायचे. "आज वरण सांडलं, काम पुन्हा करा," असं त्यांनी म्हटलं की गाडी पुन्हा खोलली जायची. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याचं काही चालायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात कौसल्याबाई गेल्या. आनंदरावांना घर खायला उठू लागलं, म्हणून ते गॅरेजात पूर्वीपेक्षाही लवकर यायला लागले. डाव्या सीटवर आता सिमेंटच्या जुन्या गोणीत भरलेली रेती आली. ते पोतं वरणाबद्दल काही बोलत नसे.

अशात भूमिका तिची लाल गाडी घेऊन आली. दोन सीटांची, उघड्या टपाची, जुन्या काळातली विलायती गाडी. तिच्या वडिलांनी, भिवापूरच्या चंपतरावांनी, मिरचीचा व्यापार जोरात असताना हौसेनं घेतलेली. आता चंपतरावांचे गुडघे तिच्यात मावत नव्हते. मिहानमध्ये नोकरी करणारी लेक रविवारी तीच गाडी काढून एकटी त्यांना भेटायला जायची. गाडी पहिल्यापासून आनंदरावांच्याच हातची.

"काका, उमरेड रोडच्या वळणावर इतकी कलली का मले वाटलं, आता उलटते," ती म्हणाली.

आनंदरावांनी खाली वाकून पाहिलं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा बार तडकला होता. वळणावर गाडी एका अंगाला झुकायला लागली की हा बार पीळ खातो आणि तिला सावरून धरतो. भूमिकानं परदेशातून तीन बार मागवले होते, एक जाड, एक मधला, एक जुन्यासारखाच बारीक. "यातला कोणता ते तुम्हीच ठरवा," ती म्हणाली.

जाड बसवला तर गाडी वळणावर ढिम्म हलेना, पण एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही दचकायचं, आणि आपल्याकडे खड्ड्यांना काय तोटा. तो उतरवला. मधला बसवला आणि गाडी अशी शहाण्यासारखी वळली की कुणीही हात धुऊन मोकळं झालं असतं. आनंदराव मात्र तोंड पाडून परत आले. "मजा नाई," एवढंच बोलले. मग बारीक बसवला, ट्रायलला गेले, आणि बऱ्याच वेळानं आले ते चेहरा उजळून.

"हाच राहू दे."

"पण काका, यानं तर गाडी कलेलच ना?"

"जुनी गाडी हाये बेटा. तिले थोडं कलू द्या लागते."

मिस्त्री म्हणतो म्हणजे असेल, असं म्हणून भूमिका गप्प बसलीही असती. पण तिचं लक्ष त्यांच्या शर्टाकडे गेलं. डावा खांदा कोपरापर्यंत सिमेंटनं राखाडी झाला होता.

"पोतं बांधलं नव्हतं काय तुम्ही?"

आनंदरावांना खोटं बोलता येत नसे. "नाई बांधलं," ते म्हणाले, आणि पाना हातात फिरवत राहिले. "हिल्सवरून फुटाळा तलावाकडं उतरताना ते डावीकडचं वळण हाये ना, तिथं तुमची गाडी कलली का तुही काकू पुरी माह्या अंगावर यायची. मी म्हणो, वजन हायेस तू, जागेवर बस. ती म्हणे, तुमची गाडीच कलते, मी काय करू. आज पोतं आलं खांद्यावर. मग मी चकराच मारत राहिलो."

भूमिकाचे डोळे भरले. "राहू द्या मग बारीकच. मी हळू चालवीन."

आनंदरावांना मोह झाला. गाडी पुन्हा पुन्हा सर्व्हिसिंगला येणार, पुन्हा पुन्हा ट्रायल, पुन्हा ते वळण. आणि या एकट्या पोरीच्या पुढे उमरेड रोड. ते गाडीखाली शिरले.

"मले तिची आठवण येते म्हणून तू काहून जीव धोक्यात घालशील?" आवाज खालून आला. "मधला दे इकडं."

या खेपेला गाडी त्यांनी भूमिकाला चालवायला दिली. चालवणार ती, तर बार तिच्या हाताला पटायला हवा. वजन म्हणून ते स्वतः डावीकडे बसले. इतक्या वर्षांत या गाडीत ते त्या बाजूला कधी बसले नव्हते.

फुटाळ्याकडचं वळण आलं. गाडी जेमतेम झुकली, तरी अंग उजवीकडे जायला निघालं, आणि आनंदरावांचा हात आपोआप समोरच्या कडीवर गेला. डॅशबोर्डवरची ही कडी त्यांनी कितीदा पॉलिश केली होती, धरली कधीच नव्हती. पकड घट्ट बसली आणि ते तसूभरही सरकले नाहीत. गाडी याहून दुप्पट कलली असती तरी सरकले नसते.

पोत्याला हात नव्हते. कौसल्याला होते.

"काका, बार बरोबर हाये ना?" भूमिकानं विचारलं.

"बरोबर हाये," आनंदराव म्हणाले. त्यांना पुढचं नीट दिसत नव्हतं. "बेटा, अजून एक चक्कर घे."