नकाशातला निळा डाग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि त्यांना तर मी दूध करपलं तरी सांगते.

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दर रविवारी आकाशाबद्दल बोलते. शिक्षण मॅट्रिक, बाकी सगळं पुस्तकं वाचून, व्याख्यानं ऐकून. बायका म्हणतात, ताईंना सगळं येतं. आवडतं हो ते ऐकायला. जरा जास्तच आवडतं.

एकदा जवळच्या एका दीर्घिकेचा नकाशा रंगीत छापून नेला. मधोमध कृष्णविवर, भोवती फिरणारा वायू. आपल्याकडे येणारा निळा, लांब जाणारा तांबडा. अर्धी बाजू निळी, अर्धी तांबडी. आणि हा सगळा वायू हळूहळू आत पडतो, असं मी ठोकून दिलं.

सुमन आमच्याच जिन्यात राहते, ब्लाउज शिवते. ती वाकून बघत म्हणाली, "ताई, ह्या तांबड्यात मध्यापाशी निळा डाग कसा? तेवढाच उलटा निघालाय का?"

मला माहीत नव्हतं. तेवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हटलं, "सुमन, हे आकाश आहे, गिऱ्हाइकाचा ब्लाउज नाही. छापताना शाई सांडली असेल." सगळ्या हसल्या. तीही हसली.

एवढ्यावर थांबले असते तर — पण नाही. घरी मूळ चित्र काढून पाहिलं. डाग तिथेही होता.

पुढच्या महिन्यात एक संशोधक मुलगी बोलायला आली. मी उभी राहिले आणि सुमनचा प्रश्न विचारला — माझा म्हणून. मुलगी खूश. गाभ्यापासून काही वायू जोरात बाहेर फेकला जातो, तोच हा, म्हणाली. "काकू, हे भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं." टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या. तिसऱ्या रांगेत सुमनही वाजवत होती.

जिना चढताना ती म्हणाली, "म्हणजे छपाई बरोबर होती तर." टोमणा होता का? नाही हो, तिला खरंच आनंद झाला होता. तेव्हा तरी बोलायचं. मी गुडघेदुखीचा विषय काढला.

सहा वर्षं झाली. सुमन अजून येते, सतरंज्या घालते, ऐकते. शेवटी मी विचारते, कुणाला काही शंका? ती मान खाली घालून सतरंजीची दशी ओढत बसते. आणि मला — हेही सांगून टाकते — हायसं वाटतं.