काकूंचा कोंबडा

गरम पाण्यात बुडवलेल्या पिसांचा वास आला की मला अंजनगावचा बाजार आठवतो. शेजारच्या काकू गाव सोडून मुलाकडे पुण्याला निघाल्या होत्या, म्हणून हाताने दाणे भरवून वाढवलेला कोंबडा विकायला आणला होता. "लढाऊ असील जातीचा असन तं पैदाशीले ठेवतो, नाईतं वजनकाट्यावर टाका, आजच रस्सा होईन," गिऱ्हाईक म्हणालं. "या भाऊले इचारा, लय बुकं वाचते तो," सोबत आलेल्या माझ्याकडे बोट दाखवत काकू मोठ्या आशेनं म्हणाल्या. मी तुरा पाहिला, नख्या पाहिल्या आणि घसा खाकरून निकाल दिला, "असील नाही." काकूंनी पदराने त्याची चोच पुसली आणि त्याला स्वतःच काट्यावर ठेवलं. असील कसा ओळखायचा, हे मला आजही ठाऊक नाही.