तीन महिने व्हायच्या आधी

दिवस गेले तरी तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हा आमच्या लाटंबार्सेतल्या घराचा नियम. शेजारीण डोकावली की सासूबाई माझ्या ओकाऱ्या स्वतःच्या पित्तावर ढकलायच्या. मला तर असल्या लपवाछपवीची मुळातच चीड.

नेमकं म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी तिसरा महिना पुरा व्हायच्या आतच तपासणीला बोलावलं. माझ्या वेळी आईचं प्रेशर एकदम चढलं होतं, झटके आले होते. मी सातव्या महिन्यातच जन्मले. आम्ही दोघी वाचलो, पण ती धास्ती माझ्यात मुरलेली.

सासूबाईंनी तोड काढली. "शुक्रवार असा, म्हापशाच्या बाजाराचो दिवस. बाजाराक जातंव म्हणान सांगूया."

नाटक पुरतं वठावं म्हणून आधी सुके बांगडे घेतले आणि ती पिशवी घेऊनच दवाखान्यात शिरलो. नर्सने नाक मुरडलं. "पाय टेकून बसा, पाच मिनिटं बोलायचं नाही." मग दोन्ही दंडांवर पट्टा बांधून प्रेशर बघितलं, रक्त घेतलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता ठीक आहे, पण पुढे वाढायचा संभव आहे. रोज रात्री एक छोटी गोळी घ्यायची. आलीस वेळेवर, बरं झालं."

बाहेर बाकावर सासूबाई पिशवी मांडीवर धरून बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पयल्या खेपेक पाय असे सुजले. कोणी हात धरून बघूक नाय. सातव्यात चेडू गेलां."

त्यांना पहिली मुलगी झाली होती, हे सहा वर्षांत मला या घरात कुणीही सांगितलं नव्हतं. मुलं किती, असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "माका दोन." मला रडूच आलं.

परतीच्या बसमध्ये शेजारणीने पिशवीकडे बघत विचारलं, "काय काय घेतलास गो?"

"बांगडे," सासूबाई म्हणाल्या. "आणि सुनेचा प्रेशर बघून घेतला. गरवार असा ती. तुझ्या सुनेकपण ने, तीन म्हयने जावची वाट बघू नको."

सगळी बस ऐकत होती.

गोळी मी एक दिवसही चुकवली नाही. पुऱ्या दिवसांची मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बघायला आलेल्या बायकांपैकी एकीने सासूबाईंना सहज विचारलं, तुम्हाला मुलं किती?

नातीला मांडीवर सावरत त्या म्हणाल्या, "माका तीन."