एका आण्याची सूट

वैशाखातला रविवार, साल १९५४. रक्कम – एक आणा. जागा – उल्हासनगर, कॅम्पातल्या बराकीतलं लछमणदासचं लोकरीचं दुकान. हजर – स्वतः लछमणदास, आमच्या कारखान्याचे हेडक्लार्क देवधर, त्यांच्याबरोबर आलेले अंबरनाथचे दोन गृहस्थ, विणायला बसलेल्या बायका, त्यांच्यात माझी पत्नी मालती, आणि मी.

त्या दिवशी खरं काय झालं ते मालतीला आणि लछमणदासला कळलं. बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत झालं, तरी त्यांना कळलं नाही. आणि मी – मी ते कुणाजवळ बोललो नाही. मुलांजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. आज तुम्हाला सांगतो आहे. पण आधी सगळं क्रमानं मांडू द्या. मी स्टोअरमधला माणूस. नोंद अर्धी राहिली तर मला चैन पडत नाही.

उन्हाळ्यात लोकर कोण घेतो? कुणी नाही. होळी झाली की लछमणदास लोकर कडुलिंबाच्या पाल्यात बांधून ठेवायचा आणि दोरीवर रंगीत सुताच्या लड्या टांगायचा. सिंधमधून आलेला माणूस, मिशांना रोज तेल लावणारा, बढाईखोर. माझ्यासारखी लोकर कराचीतसुद्धा नव्हती म्हणायचा. पण ती टोप्यांची कल्पना त्याचीच. बदलापूरच्या एक नर्सबाई बारवीकडच्या वाड्यांवर जायच्या. पावसाच्या तोंडावर जन्मलेली पोरं तिथं सर्दीनं भरतात, डोकं झाकायला काही मिळालं तर बरं, असं त्या दुकानात सहज बोलल्या. लछमणदासनं दुसऱ्या दिवशी जाहीर करून टाकलं – वाडीवरच्या पोरांसाठी जो विणेल त्याला लडीमागे एक आणा सूट. लडी दहा आण्यांची, विणणाऱ्याला नऊ.

बायका येऊ लागल्या. अंबरनाथच्या, बेलवलीच्या, बराकीतल्या सिंधी बायका. ज्यांना येत नव्हतं त्यांना लछमणदास स्वतः सुया घेऊन शिकवायचा, मध्ये बसून, मोठ्यानं. "भाभी, ये टोपी है या चाय की छलनी?" बायका हसायच्या आणि उसवून पुन्हा घालायच्या.

आता माझ्याकडे येतो. येतो म्हणतोय, पण बघा, अजून वळसाच घेतो आहे.

मालतीला नखुरडं झालं. बोट सुजून सुई धरता येईना आणि टोपी अर्धी. ती विणीच्या कागदावरचे आकडे वाचत होती आणि मी म्हटलं, हा हिशेब चुकीचा आहे, अशानं शेंडा टोकदार होणार. ती वैतागली. "इतकं कळतंय तर तुम्हीच करा ना!" म्हणून तिनं सुया माझ्या हातात दिल्या – थट्टेनं दिल्या. मी घेतल्या. आणि परत दिल्या नाहीत.

कसं सांगू तुम्हाला? आयुष्यभर आकडे दुसऱ्याच्या मालाचे लिहिले. इथं आकडा हातातून बाहेर पडत होता आणि त्याची टोपी होत होती. चौऱ्याऐंशी टाके. दोन सुलट, दोन उलट, अशी खालची पट्टी. शेंड्याला बायका सहा भाग करायच्या, त्यानं टोपीला शिंग यायचं. मी सात केले. बारा टाक्यांचा एक भाग, दर खेपेला प्रत्येक भागात दोन टाक्यांचा एक, शेवटी सुईवर बरोबर सात टाके. त्यांतून दोरा ओवून ओढला की पोराच्या डोक्यासारखा गोल शेंडा. मालतीनं ती टोपी नेली आणि आठवड्याभरात सगळं दुकान सात भाग करू लागलं. "मालतीबाईंची टोपी" असं नाव पडलं तिला. मालती घरी येऊन म्हणाली, "मला लाज वाटते हो, दुसऱ्याचं कौतुक घ्यायला." मी म्हटलं, घे. मला काय कमी आहे?

कमी होतं ते हे – उघड्या खिडकीशी बसून विणायची छाती. रविवारी दुपारी, वैशाखाच्या त्या उकाड्यात, मी खिडक्या लावून विणायचो. घामानं दोरा ओला व्हायचा. मालती दारात तांदूळ निवडत बसायची, कुणी आलं तर मोठ्यानं "या, या" म्हणायला. दोघं हसायचो. पण खिडकी उघडली नाही.

लछमणदासनं ओळखलं. त्याला टोपी उलटी करून पाहायची सवय. मालतीला म्हणाला, "भाभी, आपके घर में दो अलग हाथ बुनते हैं." ती नुसती हसली. पुढच्या वेळी मी लडी आणायला गेलो, दहा आणे पुढे केले, तर त्यानं एक आणा परत सरकवला. मग मिशीवरून बोट फिरवलं. तुम्हाला सांगतो, पगारवाढीचा कागद हातात आला तेव्हाही मी इतका फुगलो नव्हतो. तो आणा मी खर्च केला नाही, बरेच दिवस कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. विणणारा म्हणून मला जगात एकानंच मोजलं होतं, आणि ते मोजमाप एका आण्याचं होतं.

आणि मग तो रविवार.

देवधरांची बायकोही विणायला जायची. देवधरांना ते खपेना. मला म्हणाले, "लेले, चला, त्या सिंध्याला समज देऊ. तुमचीही जाते ना?" ते माझे वरचे अधिकारी. मी सायकल काढली. दुकानात शिरताच देवधर कडाडले, "काय हो शेठ, बाप्या माणूस सुया घेऊन बायकांच्यात बसतो, हे काय धंद्याचं लक्षण?"

लछमणदास उठलासुद्धा नाही. त्याच्या हातात टोपी होती. "साहेब, मेरा बाप बुनता था, मैं बुनता हूँ. और आपके लोगों में भी मर्द बुनते हैं. अच्छा बुनते हैं."

"आमच्यात?" देवधर हसले. "कोण हो? नाव सांगा!"

लछमणदासनं माझ्याकडे पाहिलं. बायकांचे हात थांबले होते. मालती मान खाली घालून बसली होती, पण तिच्या सुया मला दिसत होत्या – ती वाट पाहत होती. एकच वाक्य लागत होतं. "मी विणतो." दोन शब्द. मी ते म्हटले असते तर देवधर काय करणार होते? ऑफिसात हसले असते. चार दिवस, महिनाभर. त्यापुढे काय?

मी म्हटलं, "काहीतरीच काय शेठ! आमच्या घरातले पुरुष असली कामं करत नाहीत."

स्पष्ट म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. वर थोडा हसलोसुद्धा.

लछमणदासनं हातातली टोपी उलटी केली. आतली बाजू जरा वेळ पाहिली. ती माझी होती की दुसऱ्या कुणाची, मला इतक्या लांबून कळलं नाही. मग देवधरांना म्हणाला, "मेरी गलती, साहेब. मैंने किसी और को समझा." माझं नाव त्यानं घेतलं नाही. घेतलं असतं तर त्याची बाजू खरी ठरली असती आणि शिकवणं चालू राहिलं असतं. हे त्याला कळत नव्हतं का? पुरतं कळत होतं.

शिकवणं बंद पडलं. अंबरनाथच्या बायका यायच्या थांबल्या. देवधरबाई निघताना अर्धी टोपी सुईसकट तिथंच ठेवून गेल्या. मालती मात्र जात राहिली, कुणाला न विचारता, आणि बराकीतल्या बायका होत्या. पण नर्सबाई पावसाआधी न्यायला आल्या तेव्हा टोप्या वाड्यांना पुरल्या नाहीत. कुठल्या वाडीला मिळाल्या नाहीत, ते मी विचारलं नाही. सगळ्या गोष्टींची नोंद ठेवणारा मी – ही मात्र घेतली नाही.

मालती त्या रविवारी घरी येऊन चूल पेटवताना एवढंच म्हणाली, "तुमच्या टोप्या यापुढं मी माझ्या नावावर देणार नाही. तुम्ही नेऊन द्या." तिनं तो शब्द पाळला. तिच्याइतकं सरळ माणूस आमच्या घरात दुसरं नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

मग माझ्या टोप्या घेऊन मीच गेलो. गल्ल्यावर ठेवल्या. म्हटलं, "घरून दिल्यात." लछमणदासनं एकेक उलटी करून पाहिली, नीट घडी घातली, नर्सबाईंच्या पेटीत ठेवली. मग मी पांढऱ्या सुताची लडी मागितली आणि नऊ आणे ठेवले. त्यानं ते मोजले आणि हात तसाच पुढे धरला.

"एक आना और, साईं. सूट बुननेवालों की है. आप तो बुनते नहीं."

रागानं नाही म्हणाला. भाव सांगावा तसा म्हणाला. मी आणखी एक आणा दिला.

त्याला आता काही वर्षं झाली. बराकीसमोर त्याचं पक्कं दुकान झालं आहे. नर्सबाई अजून येतात, टोप्या अजून होतात, आणि आजही तिथली प्रत्येक टोपी सात भागांची असते. त्या गोल शेंड्याचा मला गर्व आहे, तो मी लपवणार नाही. मी अजून विणतो. हात आता पूर्वीपेक्षा एकसारखा चालतो. नवे पैसे आले तेव्हा आण्याचे सहा झाले आणि सूटही सहा नव्या पैशांची झाली. दुकानात कुणी ना कुणी गिऱ्हाईक असतंच. लछमणदास दर वेळी लडी कागदात बांधतो, आणि भाव सांगण्याआधी क्षणभर थांबतो. मला माहीत आहे तो कशासाठी थांबतो.

गेल्या रविवारी तो थांबला. दुकानात दोन बायका होत्या आणि एक पोस्टमन.

मी पूर्ण भाव दिला. लछमणदासला. रोख.