पोखर्णीची

भावाच्या मुलीला दाखल्यासाठी वंशावळ लागत होती. वडील जाऊन वर्ष झालं होतं. जुनी नावं आता एकट्या आत्यालाच ठाऊक, म्हणून मी परभणीहून झरीला गेले.

आत्या ओसरीत तूर निवडत होती. तिनं आजाचं नाव सांगितलं, पणजाचं सांगितलं, अडखळत खापरपणजाचंही सांगितलं. मी लिहून घेतलं. काम झालं होतं. तरी मी विचारलं, "आणि खापरपणजी?"

"बाईमाणसाचं नाव कागदाला कुठं लागतंय?"

"कागदाला नाही आत्या, मला पाहिजे."

सुपातला तिचा हात थांबला. "नाव ठाऊक न्हाई, माय. माज्या आजीची सासू ती. समदे पोखर्णीची म्हणायचे. लय उंच होती म्हणं, दारातून वाकून यायची."

आमच्या घरात माझ्याएवढं उंच कुणी नाही. ही कुणावर गेली, असं वडील नेहमी म्हणायचे. त्यांना हे सांगावंसं फार वाटलं.

शाळेत आम्ही आजी, पणजी, खापरपणजी असं घोकायचो. आमच्या घरात त्यापुढं शब्दच नव्हता. आता त्या शेवटच्या शब्दाला उंची होती, गाव होतं. नाव तेवढं नव्हतं.

दाखला मिळाला. सगळे ती गोष्ट विसरले. माझ्या मनातून ती जाईना. एका रविवारी मी पोखर्णीला गेले. देवळाजवळच्या दुकानात विचारलं, पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं. नावाशिवाय काय सांगणार? "झरीला दिलेली लेक, चार पिढ्यांमागची," एवढंच मी म्हणत राहिले. ते हसले नाहीत, पण कुणाला काही आठवेना.

एका दारात साठीची बाई उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या घरची का कुनाच्या, काय सांगावं! पन गावची लेक तर हाय. या, बसा."

तिनं चहा केला. झरीला पाऊस कसा झाला, लेकरं किती, असं विचारत राहिली. मी तासभर बसले. निघाले तेव्हा ती तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी घेऊन आली. मला पदर नव्हता. मी ओढणी पसरली, आणि तिनं माझी ओटी भरली.