हाय म्हणायचं नाही

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नव्हतं आणि पुढे शाळाच सुटली. म्हणून जो कोणी हे वाचेल त्याने चुकांबद्दल माफ करावं. डोळ्यांना नाही कळलं तर मोठ्याने वाचावं, कानाला कळेल. शेठांबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात आहे, पण लिहायला बसलं की माझा हात घाबरतो. बोलायला लागलं की जीभ घाबरते, तसाच.

शेठांच्या घरी पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी मला स्टीलचा पेला फेकून मारला.

आम्ही तेव्हा योकोहामाला नवीनच होतो. हे एका इंडियन हॉटेलात स्वयंपाकी होते. मी मनूला घेऊन मागून आले, मनू तीन वर्षांची होती. हॉटेलच्या मालकांचे एक मित्र होते, हरीशभाऊ. त्यांची कापडाची दोन दुकानं होती. त्यांचे वडील म्हणजे शेठ, वय नव्वदच्या घरात. मेंदूला झटका आला आणि त्यांची जपानी गेली, इंग्रजी गेली, बर्मी गेली. राहिली ती फक्त रत्नागिरीकडच्या खाडीकाठची बोली. हरीशभाऊ रंगूनला वाढलेले, त्यांचं मराठी मोडकं. बायको जपानी. वडील काय मागतात ते घरात कुणाला कळेना. म्हणून मराठी बोलणारी बाई शोधत होते, रोज सकाळी तीन तास. इथे अशा कामाला बाइतो म्हणतात. मला भीती वाटत होती, पण मालकांच्या मित्राला नाही कसं म्हणायचं?

दारात गेले तर आतून आवाज आला, "कोण आहे गो?"

"मी हाय, सुमन," मी म्हटलं.

पेला चौकटीवर आपटून माझ्या पायाशी आला. "हाय म्हणायचं नाही! माझ्या घरात हाय म्हणायचं नाही!"

मला वाटलं, आपली गावठी बोली ह्यांना सहन होत नाही. आमच्या साताऱ्याकडे 'आहे'ला 'हाय'च म्हणतात. त्यावरून मला मुंबईत असताना शेजारणी हसायच्या. परतताना गाडीत मी खिडकीकडे तोंड करून मनात घोकत होते, आहे, आहे, आहे.

पण थोड्या दिवसांत मला दिसलं की शेठांचं बोलणं माझ्याहून गावठी होतं. "त्यानं सांगितलान", "मी बोल्लो", असं सगळं. फक्त मधेच हा एक 'आहे' पुस्तकातून कापून चिकटवल्यासारखा यायचा. आणि राग फक्त माझ्यावर नव्हता. जपानात होकाराला हायच म्हणतात. दुकानात हाय, फोनवर हाय, डॉक्टरकडे नाव पुकारलं की हाय. पोस्टमनची घंटा वाजली की शेठ कानातलं यंत्र काढून हातात घ्यायचे. सून दारात "हाय, हाय" करून आत आली की मला खुणेने विचारायचे, संपलं का? मी मान हलवली की यंत्र परत कानात.

"अशा माणसानं जपानात कशाला राहावं?" असं मी एकदा ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "तुला काय करायचंय? पगार मिळतो ना?"

शेठांना दुसरी एक सवय होती. हाताला काही धागा लागला की ते तो चिमटीत धरून उलटा फिरवायचे, उकलायचे आणि पदर मोजायचे. माझ्या साडीचा काठ, गॅलरीतली कपड्यांची दोरी, मनूची वेणीसुद्धा. "पीळ बघ आधी," म्हणायचे. हरीशभाऊंचं एखादं गिऱ्हाईक घरी येऊन गेलं की म्हणायचे, "माणूस बरा, पीळ ढिला." एकदा सुनेने नूडल दिल्या. त्यातली एक उचलून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "ह्याला पीळच नाय गो, खायचं कसं?" मी हसले. त्या घरात मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

त्यांचा रंगूनला दोरखंडाचा कारखाना होता. वडील गलबतावर खलाशी म्हणून गेले, धक्क्यावर दोर वळायला बसले, आणि त्यातून कारखाना उभा राहिला. वडील गेले तेव्हा शेठ विशीतले होते. नंतर जपानी फौज आली. हे सगळं मला तुकड्यातुकड्याने कळलं असतं, किंवा कळलंही नसतं, पण मधे ती मंडळी आली.

योकोहामात म्हाताऱ्या माणसांची एक संघटना होती. लढाईत बर्माला गेलेले काही आणि त्यांची मुलं. त्यांना कुठून तरी कळलं की त्या वेळी फौजेला दोर पुरवणारा कारखानदार अजून जिवंत आहे आणि आपल्याच शहरात आहे. त्यांना शेठांचा सत्कार करायचा होता. संघटनेचे अध्यक्ष हरीशभाऊंच्या मोठ्या दुकानाचे जागामालक होते. करार संपत आला होता. हरीशभाऊ मला म्हणाले, "सुमनताई, तुम्ही बाबांच्या बाजूला बसा. ते विचारतील, आपण राजीखुशीने मदत केलीत ना? बाबांनी फक्त हाय म्हणायचं. एक शब्द. तेवढं करून घ्या."

तेवढं! जो शब्द ऐकला की माणूस पेला फेकतो, तो मी त्यांच्या तोंडून कसा काढणार? आणि नाही निघाला, तर हरीशभाऊंचं दुकान, मालकांची मैत्री, ह्यांची नोकरी, सगळं मला एकाच दोरीला बांधलेलं दिसायला लागलं.

शेवटी एका दुपारी पेज भरवताना मी विचारलं. नजर वर करायची हिंमत नव्हती. वाटीकडे बघूनच म्हटलं, "शेठ, त्या शब्दाचं काय आहे हो?"

त्यांनी चमचा बाजूला सारला. मला वाटलं, आता वाटी येते अंगावर. पण ते सांगायला लागले.

"फाटकावर उभा होतो मी. जपानी सायब आलान. दोराच्या वेटोळ्याला काठी लावून काय तरी विचारलान. मला वाटलं विचारतो, आत अजून माल आहे काय? मी बोल्लो, हाय. भरपूर हाय. तो हसलान, माझ्या खांद्यावर हात ठेवलान. दुसऱ्या दिवशी लॉऱ्या आल्या. त्यानं विचारलंन होतं, आमच्यासाठी काम करशील काय?"

मी हसणार होते, पण त्यांचं तोंड बघून थांबले.

"हसू आलं ते बरोबर आहे. सगळे हसले. इंग्रज परत आले, मला तुरुंगात घातल्यानी, दुश्मनाला मिळाला म्हणून. कोर्टात मी हेच सांगितलं. जज्जपण हसलान. हसण्यावारी सुटलो मी. मग वीस वर्षं मोठ्या लोकांच्या मेजवानीत हीच गोष्ट सांगून हसवलं."

"मग खरंच चूक झाली होती ना, शेठ?"

"पहिला हाय माझ्या भाषेतला होता गो," शेठ म्हणाले. "पुढचे सगळे त्यांच्या भाषेतले. आठ दिवसांत मला अर्थ कळला होता."

मग त्यांनी सोनूचं सांगितलं. सोनू त्यांच्याच गावचा, कारखान्याचा मुकादम. शेठांना दोर वळायला त्यानेच शिकवलं होतं. फौजेला जंगलात पुलाच्या कामावर दोर ओढायला माणसं हवी होती. साहेब कारखान्यात रांगेपुढून फिरला, सोनूसमोर थांबला आणि शेठांकडे बघून काही म्हणाला.

"मी बोल्लो, हाय. भ्यालो होतो. नाय बोल्लो असतो तर मलाच नेल्यानी असतं. सोनूनं माझ्याकडे बघितलान, बस्स. जंगलातून परत आला नाय तो. त्याची आई गावात पुढं बरीच वर्षं जगली. म्हणून मी गावात पाय ठेवला नाही."

कारखाना पुढे मोठा झाला, आणि मग एका सकाळी लष्करी सरकारने सगळ्यांचेच कारखाने सरकारजमा केले. फाटकावरची पाटी उतरवली. शेठ म्हणाले, "त्याचं काय नाय. सगळ्यांचेच गेले. पण माझी माणसं फाटकाबाहेर उभी होती. शेजारच्या तेलगिरणीवाल्याची माणसं रडली. माझी नुसती बघत उभी. त्यांना कोर्टातली गोष्ट ठाव होती आणि सोनूपण ठाव होता." अंगावरच्या कपड्यांनिशी भारताच्या बोटीत बसले. पुढे हरीशभाऊंना इथे नोकरी लागली आणि त्यांनी वडिलांना आणलं. जपानचा माणूस म्हणून ज्याने शिव्या खाल्ल्या तो शेवटी जपानातच येऊन पडला.

"आता सत्काराला काय करू, तू सांग," ते म्हणाले.

मला आजपर्यंत कुणी असं विचारलेलं नव्हतं. मी पेज गरम करायला उठले.

सत्कार एका सभागृहात वरच्या मजल्यावर होता. बूट काढून सपाता घातल्या. मला त्या मोठ्या होत होत्या आणि मी पडेन असं सारखं वाटत होतं. शेठांना काळा कोट घातला होता. समोर पंधरा-वीस म्हातारे, गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसलेले. शेठांच्या मांडीवर भेटीचा डबा ठेवला, त्याला लाल-पांढरी दोरी बांधलेली. अध्यक्षांनी कागदावरून बरंच वाचलं आणि शेवटी शेठांकडे वाकून प्रश्न विचारला.

हरीशभाऊ हळूच म्हणाले, "बाबा, विचारतात, राजीखुशीने मदत केली ना? हाय म्हणा."

शेठांनी यंत्र काढलं नाही. डब्याची दोरी चिमटीत धरली, जरा उलटी फिरवली. मला म्हणाले, "पीळ बरा आहे." मला वाटलं, सुटलो, आता म्हणतील.

"नाय," ते म्हणाले.

हा शब्द जपानीतही नकारासारखाच लागतो. समोरचे चेहरे हलले.

"राजीखुशी नाय. भ्यालो होतो मी. भ्यालो आणि माझा माणूस दिला."

हरीशभाऊंनी घाईघाईने जपानीत काहीतरी सांगितलं. वडील थकलेत, असं काहीसं. समोरचे हं हं करून माना हलवायला लागले. शेठांना ते कळलं. भाषा गेली होती, पण हे कळलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "हा नाय सांगत. तू सांग गो."

माझं जपानी म्हणजे भाजीबाजारातलं आणि मनूच्या पाळणाघरातलं. सपातीतून एक पाय निघाला तो तसाच राहिला. मी म्हटलं, "शेठ... कोवाकत्ता." म्हणजे भीती वाटली. मनू अंधारात रडली की हेच म्हणायची. पुढचं सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हते. "तोमोदाची, शिन्दा," एवढंच जमलं. मित्र मेला.

मग मागच्या रांगेतला एक हडकुळा म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "वाताशी मो." मीसुद्धा. भीती वाटली म्हणून मीसुद्धा, की मित्र मेला म्हणून, ते त्याने सांगितलं नाही. शेठांना शब्द कळले नसावेत, पण ते त्याच्याकडे बघत राहिले, तोही बघत राहिला. अध्यक्षांनी कागदाची घडी घातली.

स्टेशनवर हरीशभाऊ म्हणाले, "सुमनताई, उद्यापासून येऊ नका."

घरी हे खूप चिडले. "तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? घरात तरी कधी उघडलंस?" ह्यांची नोकरी जाईल म्हणून मी रोज संध्याकाळी ह्यांच्या पावलांवरून अंदाज घ्यायची, आज गेली का? ती गेली नाही. पण हरीशभाऊंचा करार पुढे वाढला नाही, मोठं दुकान गेलं. ते कळलं तेव्हा मी आंघोळीच्या खोलीत जाऊन रडले. आपण बरोबर केलं की वाईट, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

काही आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. "बाबा जेवत नाहीत. बोलत नाहीत. याल का?" आवाजात राग होता, पण शेवटी म्हणाले, "प्लीज."

गेले. खोलीचं दार अर्धवट उघडं. शेठ भिंतीकडे तोंड करून पडलेले, पांघरूण हलताना दिसेना. कानातलं यंत्र स्टुलावर, त्याच्या शेजारी तोच पेला.

"शेठ?"

काही नाही. मी पलंगाजवळ गेले, कानाशी वाकले. घाबरले की माझी घोकलेली भाषा पळते.

"शेठ, हायसा न्हवं?"

म्हटलं आणि तोंडावर हात गेला. पेल्याकडे बघितलं. पांघरुणातून हात बाहेर आला, पण पेल्याकडे गेला नाही. चाचपडत आला आणि माझ्या पदराचा काठ चिमटीत धरला.

"हाय," ते म्हणाले. "हाय गो. अजून हाय."

आणि पेज मागितली.

त्यानंतर ते फार दिवस नव्हते. हरीशभाऊंनी पेला मला नेऊ दिला. मनू आता कॉलेजात आहे. मराठी तिला कळतं, पण उत्तर जपानीत येतं. संध्याकाळी स्वयंपाकघरातून मी हाक मारते, "मनू, आहेस का गं?" आतल्या खोलीतून आवाज येतो, "हाय." त्यातला कुठला हाय, ते मी विचारत नाही. तिचं ताट वाढते.